बाळ शोधायला कोणी निघायचं

मोलिनो आल्तो
३० नोव्हेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार

ओडिलिया,

पत्र फाडण्याआधी एवढी ओळ वाच: कोणीही मेलेलं नाही. ताईने सहा वर्षांनी पेन हातात घेतलं म्हणजे कोणाचं तरी बरंवाईट झालं असणार, असं तुला वाटेल. तसं काही नाही. सगळे धडधाकट आहेत, गाय व्यायली आहे, लसूण यंदा चांगला आलाय.

तुझा पत्ता आर्सेनियोने दिला. आपला आत्तेभाऊ आता दर मंगळवारी गाजरांचा ट्रक घेऊन सरहद्दीपर्यंत जातो. मागच्या खेपेला पूल ओलांडून कुकुतात गेला, तर बसस्थानकाजवळ तू पास्तेलितो तळताना दिसलीस म्हणाला. त्याने चार खाल्ले. अगदी मामीच्या हातची चव, असं माझ्या तोंडावर सांगितलं. मी त्याला जेवायला थांबवणार होते, मग नाही थांबवलं. फोन केला असता, पण तुझ्या फोनवर मला बंदी आहे हे मी विसरलेले नाही. कागदाला बंदी घालता येत नाही.

आता कामाचं. मला बाळ परत हवं आहे.

आईचा बाळ येशू, वीतभर लाकडाचा, तुझ्याकडे आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे. सहा वर्षं मी घरात नाताळचा गोठा मांडते. शेवाळाचा डोंगर, आरशाचं तळं, मेंढ्या, तीन राजे, कशात काही कमी नसतं. मग चोवीस तारखेला सगळ्यांच्या गव्हाणीत बाळ निजतं आणि आपल्या गव्हाणीत नुसतं गवत. लोक घरोघरचे गोठे बघत येतात, आपल्या गोठ्यापाशी जरा घुटमळतात आणि मग माझ्या केकची स्तुती करतात. दुसरं बाळ आणता आलं असतं. आणलं नाही. का, ते विचारू नकोस.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. नव्या वर्षात, दोन फेब्रुवारीच्या आत, बाळाला गव्हाणीतून उचलून उभं करायचं असतं. ज्या घरी ते निजलेलंच राहतं तिथून शेजाऱ्यांनी ते पळवायचं, मग व्हायोलिन, मेणबत्त्या, शोधाशोध आणि मेजवानी. हे मला तू शिकवायला नको. पण तो शेजारपाजारचा खेळ झाला. आईला जाऊन दहा दिवस झाले होते, घरात दुखवटा होता, उभं कोण करणार होतं बाळाला? आणि तू तीन राजांच्या सणाला सकाळी ते शालीत गुंडाळून सरळ देशाबाहेर निघून गेलीस. त्याला मी चोरी म्हटलं. गावातही तेच सांगितलं. अजूनही तेच म्हणते.

बाकी मी रागावलेली नाही.

त्या दुपारचं म्हणशील, तर तेही मी तेव्हाच सांगितलं होतं. तेवीस डिसेंबर होता. चर्चच्या दोनशे आयाका माझ्या एकटीच्या गळ्यात. केळीची पानं पुसायची, मक्याचं पीठ थापायचं, सारण भरायचं, दोऱ्याने बांधायचं, आणि परसात हंडा खळखळत होता. आईने हाका मारल्या असतील. मला ऐकू आल्या नाहीत. उकळत्या हंड्याशेजारी उभी राहून बघ, तुलाही येणार नाहीत.

यंदाही आयाका आहेतच, शिवाय चर्चचा गोठा, गायकांचे झगे, म्हाताऱ्यांना घरपोच डबे, पहाटेच्या मिस्सेनंतरची कॉफी. माझ्याशिवाय इथे पान हलत नाही. तेव्हा लांबण लावत नाही. बाळ आर्सेनियोच्या हाती पाठव, नीट गुंडाळून.

तुझी ताई,
एर्मेलिंदा

पास्तेलितोच्या सारणात जिरं घालतेस का? आई घालत नसे.


९ डिसेंबर

ओडिलिया,

आर्सेनियो म्हणाला, तू पत्र घेतलंस, एप्रनच्या खिशात घातलंस आणि तळत राहिलीस. फाडलं नाहीस हे त्याने मला दोनदा सांगितलं, बिचाऱ्याला वाटलं मला बरं वाटेल. आज तो पुन्हा निघतोय म्हणून घाईत लिहितेय.

इथे माझ्यावर काय प्रसंग आलाय ते ऐक. फादर आन्सेल्मो नवे आहेत, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. पोरसवदा दिसतात, बोलतात हळू, आणि हळू बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही हा मोठा त्रास. परवा रविवारी त्यांनी वेदीवरूनच जाहीर केलं की गेल्या नाताळात मनुका कोणी कमी घातल्या यावरून दोन बायका अजून एकमेकींशी बोलत नाहीत, तेव्हा यंदा कामं चिठ्ठ्या टाकून वाटायची. त्या दोन बायकांपैकी एक मी. मनुका सोराइदाने कमी घातल्या होत्या.

टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. आयाका निघाल्या सोराइदाच्या नावावर. तिच्या! जिला अजून दोऱ्याची गाठ मारता येत नाही. मी हात घातला, चिठ्ठी उघडली, त्यावर एकच शब्द होता: बसणे.

मी म्हटलं, "फादर, ही चिठ्ठी चुकून पडलीय. हे काही काम नाही."

"काम आहे," ते म्हणाले. "रोज पहाटेच्या मिस्सेनंतर अर्धा तास रिकाम्या गव्हाणीसमोर बसायचं. नऊ दिवस. कोणीतरी वाट बघायला हवी ना त्याची?"

"आणि बसून करायचं काय?"

"काही नाही. हातात सुई नको, फडकं नको, यादी नको. जपमाळही नको, एर्मेलिंदाबाई. तुम्ही ती कणसं सोलल्यासारखी उरकता." मग अगदी साधेपणाने विचारलं, "जमेल ना?"

मला न जमण्यासारखं या गावात काय आहे? मी हो म्हणून बसले, आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले. बायका वाटेत तोंड लपवून हसत होत्या. सोराइदा तर मला धीर देत होती.

खरं सांगू, मला बसायची धास्ती वाटते. हात चालू असले की डोकं गप्प राहतं. तुला बसता येतं, तुला नेहमीच येत होतं. आईच्या दफनानंतर मी तुला सगळ्यांदेखत म्हटलं होतं की जन्मभर तू दुसरं केलंस काय, बसून तर राहिलीस. ते मला आठवतं. मी विसरले असेन असं समजू नकोस.

आणि एक. मागच्या पत्रात मी लिहिलं की हाका ऐकू आल्या नाहीत. एखादी आली असावी. आली, पण मला वाटलं आई तुलाच बोलावतेय.

बाळ पाठवलं नाहीस. पुढच्या मंगळवारी पाठव.

ताई


१८ डिसेंबर

ओडिलिया,

आर्सेनियो परत आला. बाळ नाही, पत्र नाही. पण तू त्याला विचारलंस म्हणे, "ती खरंच बसते?" त्याने सांगितलं की बसते, नाहीतर फादर तिला बसवतात. तू हसलीस म्हणाला. तू हसलीस हे ऐकून मला राग यायला हवा होता.

तर बसते. आज तिसरा दिवस झाला. पाच वाजता घंटा होते, धुकं इतकं दाट की समोरच्याचा कंदील आधी दिसतो आणि माणूस मागून. मिस्सा संपते, सगळे गात, फटाके उडवत बाहेर पडतात, कॉफीवर तुटून पडतात, आणि मी एकटी पुढच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, समोर गवत.

पहिल्या दिवशी मी दोन मिनिटं बसले. मग योसेफाच्या काठीला कोळिष्टक दिसलं. ते काढलं तर मागे धूळ दिसली. धूळ पुसली तर लक्षात आलं की गाढव वाकडं ठेवलंय. फादर केव्हा मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. माझ्या हातातला रुमाल काढून घेतला, घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवला आणि गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी हलले नाही, पण मनातल्या मनात सोराइदाच्या पानांचा हिशेब केला. दोनशे आयाकांना पानं किती, मधोमध गुंडाळायच्या पट्ट्या किती, कुठे चुकणार. अर्धा तास कसा गेला समजलं नाही. फादर दारात भेटले, म्हणाले, "आज कुठे होतात?" मी म्हटलं, बाकावर. ते म्हणाले, "असं?" 

आणि काल दुपारी ते झालं जे होणारच होतं. सोराइदाच्या आयाकांची पहिली खेप हंड्यात सुटली. पानं एकीकडे, पीठ एकीकडे, ऑलिव्ह वर तरंगताहेत. ती परसात पायरीवर बसून रडत होती. मला खबर लागली तेव्हा मला काय झालं असेल तुला माहीत आहे. माझा जीव सुखावला, ओडिलिया. मी शाल घेतली, वाटेला लागले, तिला चार शब्द सुनवायचे आणि हंडा ताब्यात घ्यायचा एवढंच डोक्यात. तिच्या फाटकापर्यंत गेलेही.

तिथून ती दिसली. कोपरापर्यंत पीठ, केस सुटलेले, नाक लाल. मला एकदम मीच दिसले, त्या तेवीस तारखेची. तशीच दिसत असेन मी. फक्त मी रडले नव्हते.

मी आत गेले, तिला दोऱ्याची गाठ दाखवली, आडवी दोन, उभी दोन, मग फास. तिच्याकडून पाचसहा बांधून घेतल्या. मग घरी आले. हंडा तिच्याकडेच राहू दिला. घरी येऊन मात्र चैन पडेना, स्वयंपाकघरात उगाच सगळी झाकणं घासून काढली.

आज सकाळी बसले तेव्हा कुठलाच हिशेब डोक्यात आला नाही. थंडी होती, मेण जळाल्याचा वास होता. बस, एवढंच. वाईट नव्हतं.

ताई


२१ डिसेंबर, रविवार

ओडिलिया,

हे पत्र सावकाश वाच. मीही सावकाश लिहितेय.

तिन्ही हाका मला ऐकू आल्या होत्या.

आज सहाव्या दिवशी बाकावर बसले होते. कोणी काही बोललं नाही, काही विशेष घडलं नाही. समोरचं गवत बघत होते आणि कानात आईचा आवाज आला, होता तसा, बारीक, "एर्मे, ये ना जरा." मला आठवावं लागलं नाही. तो सहा वर्षं तिथेच होता, मीच त्याच्यावर भांडी आपटत होते.

पहिल्या हाकेला मी म्हटलं, आले. दुसऱ्या हाकेला ओरडून सांगितलं, पातेलं उतरवून येते. तिसऱ्या हाकेला मी उत्तर दिलं नाही आणि दोरा दाताने तोडला. मला राग आला होता तिचा. माझ्यावर दोनशे आयाका आणि ही पलंगावर पडून बोलावतेय, असं मी मनात म्हटलं. आपल्या आईबद्दल. मग हंड्याचा आवाज जरा जास्तच मोठा करून ठेवला, झाकणं आपटून.

संध्याकाळी आत आले तेव्हा ती झोपली होती आणि तू तिच्या पायाशी बसून हसत होतीस, गाल ओले होते. म्हणालीस, आई आज दुपारभर बोलत होती, अगदी पूर्वीसारखी, तुला किती बोलावलं. मला वाटलं, उद्या बसेन. चोवीसला तिची वाचा गेली. सत्तावीसला ती गेली.

ती दुपार तुला मिळाली आणि मला नाही, हे मला सहन झालं नाही. दफनाच्या दिवशी तुला बोलले ते त्यामुळे. तू बाळ घेऊन गेलीस तेव्हा मला जवळजवळ सुटल्यासारखं झालं, कारण आता गावात चोर तू होतीस आणि मला कोणी काही विचारणार नव्हतं. सहा वर्षं मी त्या रिकाम्या गव्हाणीशेजारी उभी राहून लोकांना केक वाढला आणि तुझं नाव खराब केलं. दुसरं बाळ आणलं नाही ते यासाठीच. रिकामी गव्हाण माझ्या सोयीची होती.

मी तशीच उठून फादरकडे गेले आणि पापनिवेदन केलं. सगळं सांगितलं, झाकणंसुद्धा. मला वाटलं मोठं प्रायश्चित्त देतील, गुडघ्यांवर डोंगर चढायला लावतील. चढलेही असते, तसली कामं मला जमतात. ते म्हणाले, "राहिलेले तीन दिवस बसा. आणि हे मला सांगितलंत ते जिला सांगायला हवं तिला सांगा." म्हणून सांगतेय. माझी चूक झाली, ओडिलिया. तुझ्याशीही आणि आईशीही. मला क्षमा कर.

एक विचारू? नाही सांगितलंस तरी चालेल. त्या दुपारी आई काय बोलली? सहा वर्षं मला विचारायचं धाडस झालं नाही. माझ्याबद्दल काही असेल आणि वाईट असेल तरी सांग, मला तेच हवंय.

मी बरी आहे, काळजी करू नकोस. उलट घरी येऊन दोन अंडी आणि अख्खी भाकरी खाल्ली, आणि भर दुपारी, डिसेंबरात, नाताळ चार दिवसांवर असताना, झोपले. गावात कोणाला सांगू नकोस. तू कोणाला सांगणार म्हणा.

ताई


२४ डिसेंबर, सकाळ

ओडिलिया,

नवव्या दिवसाचं सांगते आणि मग झगे इस्त्री करायला जाते. ते काम माझ्या चिठ्ठीत नाही, पण ज्याच्या चिठ्ठीत होतं त्याने एक झगा जाळला.

आज बाकावर माझ्याशेजारी बेनिग्नोकाका येऊन बसले. आठवतात ना, व्हायोलिनवाले? आता ब्याऐंशीचे झालेत, बोटं थंडीत वळत नाहीत, मिस्सा संपल्यावर हात काखेत घालून बसतात. आईच्या लग्नात त्यांनीच वाजवलं होतं. बराच वेळ गप्प होते. मीही गप्प होते, आणि मला ते जड गेलं नाही, हे तुला मुद्दाम सांगते.

मग ते म्हणाले, "पोरी, तू निघणार कधी?"

मी म्हटलं, "कुठे?"

"बाळ शोधायला. दर जानेवारीत मी तारा बदलून ठेवतो. म्हणतो, यंदा एर्मेलिंदा बोलवायला येईल. सहा वर्षं झाली. माझं वय काय उलटं जातंय का?"

मी त्यांना सांगितलं की काका, तिने नेलं, तिने आणून द्यायला नको का? मी दोन पत्रं पाठवलीत, बाळ पाठव म्हणून, आणखी दोन कालच गेली. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जणू मी मिस्सेत शिट्टी वाजवली होती.

"चोराने आणून द्यायचं?" ते म्हणाले. "हे कुठलं शास्त्र? तू याच गावची ना? बाळ निजलेलं राहिलं म्हणून तिने नेलं, ते बरोबरच केलं. पुढचं सगळं घरच्या माणसाचं. त्याने माणसं गोळा करायची, वाद्यं घ्यायची, दारोदार गात शोधायचं. चोराने फक्त बाळ जपायचं आणि वाट बघायची. ती बिचारी सहा वर्षं जपतेय, आणि तू इथे बसून पत्रं धाडतेस."

 ओडिलिया, लहानपणापासून मी किती शोधांत गेले असेन. मेणबत्ती धरून, तुझा हात धरून, या दाराहून त्या दाराला. एकदा तरी चोर आपण होऊन बाळ घेऊन आला होता का? आणि मी सहा वर्षं दाराकडे डोळे लावून बसले की चोर येईल. नियम मला माहीत होता. मी तो फक्त स्वतःला लावला नाही.

मग मला तुझं दार दिसलं. तू वाट बघत असशील का, हे मला माहीत नाही. काका म्हणतात बघतेय. त्यांना कसं ठाऊक, विचारलं तर म्हणाले, ज्याला भांडण तोडायचंच असतं तो पैसा-दागिना नेतो, बाळ नेत नाही.

तर ठरलं. रविवारी, चार जानेवारीला, आम्ही येतोय. आर्सेनियो मंगळवारचा फेरा सोडून ट्रक रविवारी काढणार आहे. बेनिग्नोकाका पुढे बसतील, व्हायोलिन मांडीवर. सोराइदा येतेय, चार जणांनी बाळ रुमालाच्या चार टोकांना धरून न्यायचं तर चौथी हवी ना, आणि ती मागे लागली होती. केक मी करणार, वाईन तिने आणायची. केकात मनुका किती घालायच्या ते ती बघेल, मी बोलणार नाही. निदान प्रयत्न करेन.

पुलावर रांग असते म्हणतात. उभी राहीन. मला आता थांबता येतं.

हे पत्र तुला तीस तारखेला मिळेल. माझी एवढीच विनंती आहे की तू घरी अस. बाळ कुठेही लपव, आम्ही शोधू. आणि दार उघडायचं नसेल, तर तेही मी समजेन. आम्ही सगळी कडवी म्हणू आणि परत येऊ.

आज संध्याकाळी गव्हाणीत गवतच असेल. पण आज मी लोकांना सांगणार आहे की बाळ माझ्या बहिणीकडे आहे आणि ते अगदी सुखरूप आहे.

नाताळच्या शुभेच्छा, ओडी.

ताई


कुकुता
३० डिसेंबर

ताई,

आर्सेनियो समोर बसून खातोय, त्याचा पाचवा पास्तेलितो चाललाय, तो उठायच्या आत लिहिते. तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. उत्तर रोज लिहायला बसत होते आणि रोज तेल तापत होतं. तू म्हणतेस मला बसता येतं. इथे येऊन मी तुझ्यासारखी झालेय, दिवसभर उभी.

मी वाट बघत होते. दर जानेवारीत. दोन फेब्रुवारीला रात्री बाळ पुन्हा गुंडाळून ठेवत होते आणि तुला शिव्या देत होते. काकांना सांग, त्यांचं बरोबर आहे.

पण आता माझं ऐक. बाळ नेलं ती चोरी नव्हती. चोरी मी दुसरी केली.

त्या दुपारी आईने तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला तू उत्तर दिलं नाहीस तेव्हा मी संतापून उठले, तुला दंडाला धरून आणणार होते. आईने माझा हात धरला. म्हणाली, "राहू दे तिला. दार तेवढं सताड उघड." मी उघडलं. मग ती डोळे मिटून पडली आणि परसातले आवाज ऐकत राहिली. तू झाकण आपटलंस. ती म्हणाली, "पीठ अजून मनासारखं झालं नाही तिच्या." परत आपटलंस. म्हणाली, "आता झालं." आणि हसली. मी आयुष्यात तिला इतकं शांत पाहिलं नव्हतं. म्हणाली, "ओडी, ही अशी भांडी वाजताहेत तोवर मला कशाची भीती नाही." मग बटाट्यांबद्दल बोलली, तिच्या भावाच्या खेचराबद्दल बोलली, आणि तुझे आवाज ऐकत झोपली. संध्याकाळी तू आत आलीस तेव्हा मी हसत होते, ते त्याचंच होतं.

हे मी तुला त्याच वेळी सांगायला हवं होतं. आधी वाटलं उद्या सांगेन, मग तू दफनाला ते बोललीस, आणि मी ठरवलं की हे हिला कधीच मिळू द्यायचं नाही. तुला हाका तेवढ्या ऐकवल्या आणि पुढचं गिळलं. सहा वर्षं. तुझ्या एकवीस तारखेच्या पत्रापर्यंत मला वाटत होतं की मी तुला शिक्षा देतेय ती योग्य आहे. ते पत्र वाचलं आणि पास्तेलितोची गाडी लावलीच नाही त्या दिवशी. मलाही क्षमा कर, ताई.

रविवारी या. हिरव्या फाटकाचं घर, आर्सेनियोला माहीत आहे. बाळ पलंगाखाली नाही आणि कपाटातही नाही, याहून जास्त सांगणार नाही. सगळी कडवी म्हणून घेणार आहे, पहिल्यालाच दार उघडेन असं समजू नका. चॉकलेट मी करते. जिरं मी घालते, आई नव्हती घालत, ते तुला खावं लागेल.

येऊन हातपाय धुऊन बाहेर बसायचं, माझ्या स्वयंपाकघरात शिरून भांडी हलवायची नाहीत, असं मी इथे लिहिणार होते. पण शीर. झाकणं आपट. मला ऐकायचंय.

ओडिलिया